शेतजमिनीवर मोठा सोलर पार्क येणार म्हटल्यावर गावाचं खरं मत कसं काढायचं

शेतजमिनीवर मोठा सोलर प्रकल्प यायचा झाला की दोनच वाक्यं ऐकू येतात, "गावाचा पाठिंबा आहे" किंवा "गावाचा विरोध आहे", आणि दोन्ही वेळा विचारलं की अहो पण विचारलं कुणाला, तर उत्तर येतं मीटिंग झाली होती ना. मीटिंगमध्ये बोलणारे सात-आठ जण असतात, बाकीचे ऐकतात आणि घरी जातात, त्यांचं मत त्यांच्याजवळच राहतं. मला सौरऊर्जा हवी आहे, मनापासून हवी आहे, आणि म्हणूनच हे काम नीट व्हावं असं वाटतं, कारण एका ठिकाणी लोकांना फसवलं गेल्यासारखं वाटलं की पुढच्या दहा ठिकाणी चांगल्या प्रकल्पालाही कुणी दारात उभं करत नाही.

डेन्मार्कमध्ये तर हा राजकारणाचा विषय झाला, "गव्हाच्या शेतांना हो, लोखंडाच्या शेतांना नाही" (लोखंडाची म्हणजे पॅनलची) अशा अर्थाची घोषणा तिथे चालली. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०२४ मध्ये पवनचक्क्या आणि सोलरच्या विरोधातल्या अर्जावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०२१ च्या कायद्याने काउंटीला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या प्रशासनाला, आपल्या हद्दीत मोठे सोलर प्रकल्प बंद ठेवायचा अधिकार मिळाला. हे सगळे लोक सूर्याच्या विरोधात नाहीत हो, आपल्याला कुणी विचारलंच नाही हा राग त्यात बराच असतो.

तर तुम्ही गावातले असा, पंचायतीत असा, कंपनीच्या बाजूने फिरणारे असा, हे असं करा.

मत विचारायच्या आधी नकाशा हातात घ्या

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हवेत प्रश्न विचारणं. "सोलर पार्क आला तर कसं वाटेल" असं विचारलं की लोक चांगलंच म्हणतात, कारण कुणाच्या डोळ्यासमोर काहीच नसतं. आधी कंपनीकडून या गोष्टी लेखी मागा: किती मेगावॉट, कोणकोणते गट, जमीन विकत घेणार की भाड्याने, किती वर्षांसाठी, कुंपण नेमकं कुठून जाणार, सबस्टेशन कुठे आणि तिथपर्यंतची लाईन कुणाच्या शेतावरून जाणार, आणि बांधकामाचे ट्रक कोणत्या रस्त्याने येणार. लाईन आणि रस्ता हे दोन लोक हमखास विसरतात, आणि नंतर भांडणं यांच्यावरूनच होतात, कारण ज्याच्या शेतावरून तार जाते त्याला भाडं मिळत नाही आणि त्रास मात्र मिळतो.

आकाराचा अंदाज लोकांना त्यांच्या भाषेत द्या. एका मेगावॉटला साधारण ५ एकर लागतात, आतले रस्ते, मोकळी जागा, कडेची झाडं धरली तर ७-८ एकरांपर्यंतही जातं. म्हणजे १०० मेगावॉट म्हटलं की ५०० ते ८०० एकर. हा आकडा सांगून थांबू नका, लोकांना घेऊन प्रत्यक्ष चालत जा, या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत आणि तिथून त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत, असं पायाने दाखवलं की मग जे प्रश्न येतात ते खरे प्रश्न असतात. कागदावरचे ५०० एकर आणि पायाखालचे ५०० एकर यात फार फरक आहे.

कुणाला विचारायचं, ही यादी सगळ्यात महत्त्वाची

जमिनीच्या कागदावर ज्याचं नाव तो मालक, आणि मालकाची सही झाली की काम झालं, असं कंपनी समजते. कायद्याने ते बरोबर असेलही, पण गावाचं मत म्हणजे मालकांचं मत नव्हे. एकाच शेतावर किती जणांचं पोट असतं ते बघा. मालक, जो कधी कधी शहरात राहतो आणि वर्षातून एकदा येतो. वाट्याने किंवा खंडाने कसणारा, ज्याचं कागदावर नाव कुठेच नाही. मजूर, त्यातही बायका जास्त. पीक निघाल्यावर त्या रानात गुरं-मेंढरं चारणारे. शेजारचा शेतकरी, ज्याची पाण्याची वाट किंवा बैलगाडीची वाट त्या शेतातून जाते. ट्रॅक्टरवाला, बियाण्याचा दुकानदार. आणि ज्यांच्या घराच्या खिडकीतून ते शेत दिसतं ते लोक.

कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यातलं पावगडा हे उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. तिथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा पार्क उभा राहिला, भाग कायमचा दुष्काळी, आणि जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, त्यामुळे मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली. ही चांगली गोष्ट होती, कोरड्या वर्षातही ठरलेलं भाडं हातात येतं याचं महत्त्व दुष्काळ बघितलेल्या माणसाला सांगायला नको. पण भूमिहीन मजुरांना भाडं कोण देणार? त्यांचं शेतातलं काम गेलं, आणि पार्कमध्ये गवत काढणं, पॅनल धुणं, राखण करणं अशी जी कामं निघाली ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. एकाच पार्कबद्दल दोन घरांत दोन मतं, आणि दोन्ही खरी. तुम्ही फक्त मालकांच्या दारात गेलात तर अर्धंच ऐकून याल.

म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा, त्याचं त्या जमिनीशी नातं काय, घर कुंपणापासून किती लांब, आणि प्रकल्प आल्यावर त्याचं उत्पन्न वाढेल, घटेल की तेवढंच राहील. अंतर कशाला लिहायचं विचाराल तर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीने मोठ्या सोलर प्रकल्पांपासून ३ मैलांच्या आत राहणाऱ्यांना विचारलं तेव्हा चांगलं मत असणारे नाराजांच्या जवळजवळ तिप्पट निघाले, पण जिथे प्रकल्प १०० मेगावॉटच्या वरचा आणि घर पाव मैलाच्या आत, तिथे उलटं, नाराजच कितीतरी जास्त. सगळ्यांची सरासरी काढली असती तर कुंपणाला लागून राहणाऱ्यांचं दुखणं दिसलंच नसतं.

कसं विचारायचं

घरी जाऊन विचारा, शेतात जाऊन विचारा, एकट्याला विचारा. मी अशा घरोघरच्या फेरीत होतो तेव्हा एका गृहस्थांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "आमचं काही म्हणणं नाही, येऊ द्या" असं सांगितलं होतं, आणि घरी ओट्यावर बसल्यावर तासभर बोलत राहिले, की भावाने सही केली, मला सांगितलं नाही, आता घरात भांडण नको म्हणून गप्प आहे, पण ती जमीन गेली तर मी करू काय. हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये येत नाही. बायकांना वेगळं विचारा, आणि शक्य असेल तर विचारणारीही बाई असू द्या, कारण पाणी कुठून आणायचं, जळण कुठून, चारा कुठून, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं घरातल्या पुरुषांना नसतं.

प्रश्न तोडून विचारा. "तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने आहात का" हा प्रश्न शेवटी ठेवा, किंवा विचारूच नका. त्याऐवजी असे प्रश्न: या नकाशात तुमची कोणती वाट अडते? कोणता तुकडा अजिबात देऊ नये असं वाटतं आणि का? कोणता तुकडा खुशाल द्या म्हणाल? पंचवीस वर्षांनी ही जमीन परत मिळाली तर ती कशी मिळायला हवी? पैसे मिळणार असतील तर एकरकमी हवेत, दरवर्षी हवेत की वीजबिलात सूट हवी? कंपनी मध्येच विकली गेली तर कुणाला धरायचं? आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही, "काय झालं तर तुमचं मत बदलेल?" विरोधातला माणूस यावर अट सांगतो, बाजूचा माणूस यावर भीती सांगतो, आणि दोन्ही तुम्हाला हव्याच आहेत. क्वचित कुणी म्हणतं काहीही झालं तरी नाही, हेही तसंच लिहून घ्या, समजूत घालत बसू नका, तुम्ही मत काढायला गेलायत बदलायला नाही.

आणि "माहीत नाही" हे उत्तर वेगळ्या रकान्यात ठेवा. ते हो मध्ये ढकलायचा मोह सगळ्यांनाच होतो.

भीती ऐकल्यावर काय करायचं

हसण्यावारी नेऊ नका आणि सगळीच खरीही मानू नका, एकेक तपासा.

चकाकी: पॅनलचं कामच प्रकाश आत घेणं आहे, काचेवर त्यासाठी लेप असतो, कोचीच्या विमानतळालगतही सोलर आहे. तरी सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना ठरावीक घरावर किंवा रस्त्याच्या वळणावर झोत येऊ शकतो, तो आधी गणित करून काढता येतो, कंपनीकडून तो नकाशा मागा.

उष्णता: यात तथ्य आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोलर प्रकल्पात रात्रीचं तापमान आजूबाजूच्या मोकळ्या रानापेक्षा ३ ते ४ अंश सेल्सिअसने जास्त मिळालं. ती वाळवंटी जागा होती, पण प्रश्न रास्त आहे. पॅनलखाली माती उघडी ठेवायची की गवत राखायचं यावर बरंच ठरतं, आणि कुंपणापासून घरापर्यंत किती पट्टा मोकळा सोडायचा यावरही.

विषारी पाणी झिरपेल का: बहुतेक पॅनल सिलिकॉनची असतात, काच, ॲल्युमिनियमची चौकट, जोडाला थोडं शिसं. काही प्रकारांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. धड पॅनलमधून सहसा काही गळत नाही, काळजी फुटलेल्या आणि टाकून दिलेल्या पॅनलची करायची. वादळ-गारपिटीनंतर तुटकी पॅनल किती दिवसांत उचलणार हे लेखी घ्या.

माती आणि पाणी: इथे मात्र थांबा, कारण लोक या बाबतीत सहसा बरोबर असतात आणि कंपन्या हे सगळ्यात हलकं घेतात. पॅनलचे खांब बहुतेक वेळा सरळ जमिनीत ठोकतात, फार काँक्रीट लागत नाही, ते उपटून काढता येतात, हे खरं. पण नुकसान होतं ते बांधकामाच्या काही महिन्यांत. ओल्या जमिनीवर जड मशीन फिरलं की माती दाबून घट्ट होते, केबलच्या चरासाठी खोदताना वरची कसदार माती खाली जाते आणि खालचा मुरूम वर येतो, आतल्या रस्त्यांसाठी खडी टाकतात, बांध सपाट करतात. मग पाऊस आला की पॅनलच्या खालच्या कडेवरून पाणी एकाच रेषेत पडतं, गवत नसेल तर तिथे घळ पडते आणि सगळा लोंढा खालच्या शेतात. ज्याचं शेत उताराच्या खालच्या अंगाला आहे त्याला एकरभरही द्यायची नाहीये, तरी सगळ्यात जास्त धोका त्यालाच. त्याच्याकडे दोनदा जा. पाणी कुठून वाहतं, पुराच्या वर्षी कुठवर आलं होतं, हे त्याच्याकडून नकाशावर काढून घ्या आणि कंपनीच्या इंजिनिअरला त्याच्यासमोर बसवा.

इन्व्हर्टरचा आवाज दिवसा येतो, जवळ राहणाऱ्याला त्रास होतो, ते घरांपासून लांब, पार्कच्या मधोमध ठेवायला सांगा, एवढंच.

पडीक म्हणजे काय, हे गावाकडून ऐका

कंपनी म्हणते आम्ही पडीक जमीनच घेतोय. जमीन पडीक आहे हे ठरवलं कुणी? पीक घेत नाहीत म्हणजे वापर नाही असं नसतं, तिथे मेंढरं चरतात, जळण मिळतं, पाणी मुरतं, म्हणून खालच्या विहिरीला पाणी असतं. नकाशावर तीन रंग करा आणि रंग गावकऱ्यांनाच भरू द्या: बागायती किंवा भारी जमीन, हलकी कोरडवाहू, आणि कसलाच उपयोग नसलेली. इंग्लंडमध्ये जमिनीचे दर्जे ठरलेले आहेत, वरच्या दर्जाची शेतजमीन शक्यतो टाळावी असं तिथलं धोरण सांगतं. इटलीने २०२४ मध्ये तर शेतजमिनीवर जमिनीलगत पॅनल लावण्यावरच मोठे निर्बंध घातले. तुमच्याकडे असा नियम असो नसो, रंगवलेला नकाशा असला की "हो की नाही" ऐवजी "इथे हो, तिथे नाही" असं बोलणं सुरू होतं, आणि माझ्या मते निम्मं भांडण तिथेच मिटतं.

शेती आणि सोलर एकत्र, हा पर्याय नीट सांगा

बऱ्याच लोकांना वाटतं की निवड दोनातच आहे. जर्मनीत आडॉल्फ गोएत्सबर्गर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पॅनलखाली बटाटे घेता येतील असं मांडलं होतं. पुढे हेगेलबाख इथल्या शेतात पॅनल ५ मीटरहून उंच लावून प्रयोग झाला, २०१७ मध्ये गहू, बटाटा, सेलेरियाक (एक कंदभाजी) यांचं उत्पादन १८-१९ टक्के घटलं, पण २०१८ च्या कोरड्या कडक उन्हाळ्यात सावलीचा फायदा झाला, गहू ३, बटाटा ११ आणि सेलेरियाक १२ टक्के जास्त आलं. ॲरिझोनातल्या २०१९ च्या अभ्यासात सावलीतली चिल्टेपिन मिरची तिप्पट आणि चेरी टोमॅटो दुप्पट निघाले.

हे ऐकून लगेच खूश होऊ नका. उंच सांगाडा महाग पडतो म्हणून कंपन्या टाळतात, आणि "आम्ही शेतीपण करू" असं सांगून चार ओळी कोथिंबिरीच्या लावून फोटो काढले तर ती शेती नाही. जपानने २०१३ मध्ये परवानगी देताना अट घातली की उत्पन्न त्या भागाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, फ्रान्सने २०२४ च्या नियमात १० टक्क्यांपेक्षा जास्त घट चालणार नाही असं ठरवलं. तुम्हीही असाच आकडा मागा, आणि ट्रॅक्टर खालून आणि ओळींमधून फिरेल का हे ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाच विचारा. मेंढ्या चारणं सगळ्यात सोपं, बऱ्याच देशांत चालतं, गवत कापायचा खर्च वाचतो, फक्त वायर उंच हव्यात आणि त्याच गावच्या मेंढपाळाला आधी विचारलं पाहिजे.

पैशाचं बोलताना गणित पाटीवर मांडा

भाड्याचा पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून लोक हो म्हणतात, पंचविसाव्या वर्षाचा कुणी सांगत नाही. समजा दर २ वर्षांनी ५ टक्के वाढ असा करार आहे. २५ वर्षांत १२ वाढी, म्हणजे भाडं शेवटी साधारण १.८ पट. त्याच काळात महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर वस्तूंचे भाव ३.४ पट. म्हणजे हातात आकडा मोठा दिसणार आणि त्यात येणार आजच्या जेमतेम निम्मं. हे सगळ्यांसमोर मांडा, मग विचारा आता काय वाटतं, कित्येकांचं मत "नाही" होत नाही पण "वाढ दरवर्षी आणि महागाईला जोडून हवी" असं होतं, आणि हे मत आधीच्या हो पेक्षा कितीतरी कामाचं आहे.

ज्यांची जमीन जात नाही त्यांना काय, हेही विचारा. जर्मनीत २०२१ पासून कंपनी गावाच्या पालिकेला युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत देऊ शकते. डेन्मार्कने २००९ च्या कायद्यात पवनचक्क्यांसाठी किमान २० टक्के हिस्सा जवळ राहणाऱ्यांना देऊ करणं सक्तीचं केलं होतं. आणि शेवटी सगळं काढून नेणार कोण, त्याचे पैसे आजच बँकेत अडकवून ठेवणार का, हा प्रश्न कंपनीला विचारायला लाजू नका, कारण पंचवीस वर्षांनी ती कंपनी असेलच असं नाही.

जमवलेलं मत कागदावर, आणि कागद परत लोकांकडे

अहवालात टक्केवारी एकटी लिहू नका. कसणारे काय म्हणाले, मजूर काय म्हणाले, कुंपणालगतचे काय म्हणाले, वेगवेगळं लिहा. किती घरं भेटली नाहीत तेही लिहा. मग प्रत्येक मोठ्या मागणीपुढे कंपनीचं उत्तर लेखी घ्या, मान्य, अमान्य की बदल करून मान्य. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसती माहिती देणं आणि नुसतं मत विचारणं या मधल्या पायऱ्या आहेत, दिखाव्याच्या, लोकांच्या हातात निर्णय येतो तो वर. मान्य झालेली अट करारात आली नाही तर तुमची सगळी फेरी त्या मधल्या पायरीवरच राहिली. हा कागद सही व्हायच्या आधी गावात वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने, आणि चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच खोडा.

प्रकल्प उभा राहिल्यावर पहिला पावसाळा गेला की पुन्हा फिरा, त्याच वहीसोबत. उताराच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याकडे सगळ्यात आधी जा, बांध बघा, विहीर बघा, मग मजूर बायकांकडे, आता कामाला कुठे जाता ते विचारा, आणि मागच्या वेळी "माहीत नाही" म्हणालेल्यांची नावं काढून त्यांच्या दारात जा, आता त्यांना सांगायला बरंच असतं.